कादरचाचांच्या हरवलेल्या किनारी

१

"प्रतिभामावशी, खाली चला! नानांचा कॉम्प्युटर कुणीतरी पुसून टाकलाय."

मी दार उघडायच्या आधीच अफिफाचा आवाज घरात शिरला होता. कणकेचे हात तसेच ठेवून मी तिच्यामागे जिना उतरले.

कुंभमेळा आटोपून शहरानं नुकताच श्वास सोडला होता. ऑक्टोबरचं ऊन सकाळपासूनच चटके देत होतं. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या इमारतीत मी वरच्या मजल्यावर राहते आणि अन्सारी कुटुंब बरोबर माझ्या खाली. विमा कंपन्यांसाठी चोरी-आगीच्या दाव्यांची पाहणी करणं हा माझा धंदा. जळालेली गोदामं आणि फुटलेली कुलपं बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही. माणसं काय सांगतात आणि काय सांगायचं टाळतात, ते मात्र थोडंफार कळतं.

कादरचाचा कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि निळं आभाळ. चित्र सुंदर होतं, पण चाचा त्याकडे परक्या घरात शिरल्यासारखे बघत होते.

"मना किनारी कथा ग्यात, बहीन?" त्यांनी मला विचारलं.

मी मूळची नामपूरची आणि चाचा मालेगावच्या बाजारात बागलाणी व्यापाऱ्यांमध्ये वाढलेले. जीव कासावीस झाला की आम्ही दोघं अहिराणीत बोलतो. माझ्या किनारी कुठं गेल्या, असं ते विचारत होते.

चाचांनी उभा जन्म मालेगावच्या यंत्रमागांवर काढला. लुगड्याच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढायची, हे त्यांचं काम. त्या कागदावरून माग चालायचा. बायको गेल्यावर ते नाशकात लेकीकडे, ताहेराकडे, राहायला आले. जावई रिझवान मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर. लेकीच्या, अफिफाच्या, शिक्षणासाठी त्यानं हा कॉम्प्युटर एका मित्राकडून जोडून घेतला होता. अफिफानं त्यात गाणी ऐकली आणि चाचांना त्यात चित्रं काढायचा कागद सापडला.

"एक घर बोटाच्या पेराएवढं मोठं करता येतं, ताई!" पहिल्यांदा ते मला ओढत घेऊन आले होते. डोळे अधू झाल्यापासून कागदावरची चौकट त्यांना दिसत नव्हती. मग मागावरचं जे जे आठवत होतं ते त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतलं. हबीब मास्टरची वेल, सोमा साळ्याची करवत, लंकाबाईचा गहू. ज्यानं ती किनार पहिल्यांदा विणली त्याचं नाव तिला. यातली बरीच माणसं आता या जगात नव्हती.

"कागद असतील ना जुने?" मी विचारलं.

"वाळवीनं खाल्ले. म्हणून तर इथं काढत होतो." चाचांनी कपाळावर तळवा दाबला. "आणि एकदा काढून झाली की किनार डोक्यातून उतरते, ताई. माल पोचवला की हमाल मोकळा होतो ना, तसं. आता सोमाची करवत काढा म्हणालात तर पहिला दात कुठं घ्यायचा तेसुद्धा सांगता येणार नाही." त्यांनी कॉम्प्युटरच्या पेटीवर हात ठेवला. "बघा, आता तर आवाजही करत नाही. गेलाच म्हणायचा."

अफिफा माझ्या कानाशी आली. "मावशी, हे आपोआप होत नाही. कुणीतरी सीडी घालून, इथं बसून, जुनी विंडोज काढून नवी टाकलीय. आणि घराचं कुलूप तर शाबूत आहे."

२

समोरच्या गाळ्यात कुंदनचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याला हाक मारली, तो चप्पल अडकवत आला. पडदा बघून त्यानं जीभ चावली.

"नवी विंडोज एक्सपी टाकलीय. आणि डेस्कटॉपवरचं सगळं साफ."

"तू टाकलीस?" चाचांनी सरळच विचारलं.

"चाचा, तुम्ही मला या पेटीला हात तरी लावू दिलाय का कधी? मी म्हणत होतो व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. तुम्ही म्हणालात, किनारींना हात लावलास तर याद राख."

ते खरं होतं. मी कुंदनला बाजूला बसवलं. "मला समजेल असं सांग. ही विंडोज टाकतात कशी?"

"घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं, असं समजा. सीडी घालायची, निळा पडदा येतो. जुनं पुसू का, असं विचारतो. हो म्हटलं की पुसतो. मग आपला आपण बांधत बसतो. मध्येमध्ये नाव विचारतो, गाव विचारतो. जेवण करून हात धुवेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं."

"गाव कशाला?"

"घड्याळासाठी. कुठल्या शहराची वेळ धरू, असं."

आगीच्या पंचनाम्यात मी जळालेल्या वस्तूंपेक्षा उरलेल्या वस्तू आधी बघते. इथं उरलं होतं ते एक घड्याळ, पडद्याच्या कोपऱ्यात. वेळ बरोबर होती.

"ज्यानं हे केलं त्यानं गाव कुठलं सांगितलं, ते दिसतं का?"

"दिसतं की." कुंदननं घड्याळावर दोनदा टिचकी मारली, एक पान उघडलं आणि मान पुढं काढून ते परत वाचलं.

"काय रे?"

"यात मुंबई, दिल्ली असं असायला पाहिजे. इथं अबुधाबी, मस्कत आहे. वेळ पेटीतल्या आधीच्या घड्याळावरून आलीय, म्हणून बरोबर दिसते."

चाचा, अफिफा आणि मी, तिघांनीही एकदमच भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. फोटोत रिझवान विमानतळावर हात हलवत उभा होता. त्याला जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं.

"अब्बू आले होते?" अफिफा हळूच म्हणाली. "आणि आम्हाला न भेटताच गेले?"

३

ताहेरा चहा घेऊन आली. तिच्या कुर्त्याची एक बाही उसवलेली होती आणि टाचणीनं धरलेली. "काहीतरीच बोलू नकोस," ती लेकीवर खेकसली. "कालच फोन झाला ना त्यांच्याशी?"

खात्री करायला मी स्वयंपाकघरातल्या फोनवरून मस्कतचा नंबर लावून घेतला. कोनाड्यातलं त्यांचं घड्याळ नेहमीसारखं मागं पडलेलं होतं. हे घड्याळ कधी दुरुस्त करणार, असं मी ताहेराला कितीदा तरी म्हटलं होतं. पलीकडून रिझवानच बोलला. मागं यंत्रांचा गोंगाट होता आणि कुणीतरी अरबीत ओरडत होतं. तो मस्कतमध्येच होता. किनारींचं ऐकून तो म्हणाला, "ताई, अब्बांना सांभाळा. आणि ताहेराला सांगा, रडू नकोस."

ताहेरा रडतेय, असं मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

मग आदल्या दिवशीचा हिशोब लावला. चाचा सकाळीच निफाडला जुन्या दोस्ताकडे गेले आणि दिवेलागणीला थकून आले, ते कॉम्प्युटर न लावता झोपले. अफिफा कॉलेजात. ताहेरा दुपारी शिवणक्लासला. जाताना किल्ली शेजारी नवसाबाईंकडे ठेवलेली, आणि नवसाबाई किल्ली कुणालाही देतात, हे साऱ्या इमारतीला ठाऊक. त्याआधी एक पाहुणा येऊन गेला होता. तो होता चंदर, मालेगावच्या एका साडीव्यापाऱ्याचा माणूस.

"तोच!" चाचा ताडकन उठले. "महिनाभर माझ्या नक्ष्यांच्या मागं लागलाय."

चंदर अजून नाशकातच होता. शालिमारच्या लॉजवर मी त्याला गाठलं. माणूस अंगानं आडवा, पण चेहरा पोरासारखा.

"ताई, मी तिथं चहा प्यायलो. पाऊणएक तास एकटा बसलो, खोटं कशाला बोलू? ते यंत्र असं घरघरत होतं की आतून ताहेराबहिणीचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण विचार करा, मला नक्षी पाहिजे. मी चोरणार तर फ्लॉपीत भरून नेईन. पुसून माझ्या हाती काय लागणार?"

बरोबर होतं. चोर तिजोरी रिकामी करतो, तिला नवा रंग देऊन जात नाही.

"किनारी खरंच गेल्या का हो?" त्यानं विचारलं. "सोमा साळी माझा आजा होता. त्याची करवत फक्त चाचांकडेच होती." आणि तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला.

परत आले तेव्हा अफिफा आजोबांचं मन रमवायला गझलांची सीडी लावत होती. "नाना, पूर्वी गाणी ई ड्राइव्हमध्ये लागायची, आता डी मध्ये लागतात. सगळंच बदललं." गझल सुरू झाली. चाचांनी हात उचलून ती बंद करायला लावली.

दुपारचं त्यांचं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं.

४

"मी चौकीत जातो," चाचा म्हणाले. "त्या कुंदनचं नाव देतो. घरातलं कुणी नाही, चंदर नाही, मग राहिलं कोण?"

कुंदन दारातच होता. त्याचा चेहरा पडला. हा मुलगा ईदला चाचांच्या पाया पडायला येतो.

"नाना, थांबा." अफिफा मध्ये उभी राहिली. "मी केलं. कॉलेजातून लवकर आले होते. वर्गात सगळ्यांकडे एक्सपी आहे. मला पण पाहिजे होती."

चाचा खुर्चीवर बसले. नातीवर हात उगारण्याचीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. त्यांनी नुसती मान खाली घातली.

मी अफिफाला जवळ घेतलं. "छान. मग मला सांग, टाकताना त्यानं गाव विचारलं, तेव्हा कुठलं निवडलंस?"

"मस्कत."

"ते सकाळी कुंदननं सांगितलं म्हणून माहीत आहे. का निवडलंस?"

"असंच... चुकून."

"आणि नाव? नाव विचारतो ना तो? काय लिहिलंस?"

"अफिफा. माझंच नाव लिहिणार ना?"

मी कुंदनकडे बघितलं. त्यानं पडद्यावर कुठंतरी टिचकी मारली. मालकाचं नाव समोर आलं. कादर अन्सारी. तेही आधी 'जनाब' लावून.

"बेटा, तुला एक्सपी स्वतःसाठी हवी होती, मग तू नानांना जनाब का म्हणशील?"

अफिफाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिची नजर क्षणभर माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे गेली आणि घाईनं परत आली.

"कुंदन," मी विचारलं, "या घरातल्या दुसऱ्या कुणी तुला कधी एक्सपीबद्दल विचारलं होतं?"

तो घुटमळला. "ताहेराआपांनी. पण तसं नाही... रिझवानभाईंनी कुणाबरोबर तरी कॅमेरा पाठवलाय ना, कॉम्प्युटरला लावायचा. मी म्हटलं, तो जुन्या विंडोजवर चालत नाही. त्या म्हणाल्या, मग राहू दे."

५

ताहेरा कांदा चिरत होती. चिरलेल्याचाच परत बारीक चुरा करत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"हे घड्याळ बिघडलेलं नाही ना, ताहेरा?"

तिचा हात थांबला.

"मी मूर्ख, इतकी वर्षं म्हणतेय मागं पडलंय. ते दीड तास मागं आहे आणि कायम दीड तासच मागं असतं. ती मस्कतची वेळ आहे. रिझवान कधी उठला, कधी जेवला, कधी सुटला, ते तुला यावरून कळतं. जो मस्कतला राहतो तो नाशकातल्या कॉम्प्युटरला मस्कत कशाला लिहील? ज्याचा दिवस इथं बसून मस्कतच्या वेळेवर चालतो, त्याचंच बोट त्या नावावर जाणार."

तिनं सुरीनं कांदा एका बाजूला सारला.

"आणि शिवणक्लासला जाणाऱ्या बाईची बाही टाचणीवर?"

तिनं सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

शिवणक्लास नव्हताच. ती शरणपूर रोडला बायकांच्या कॉम्प्युटर क्लासला जात होती. या वयात शिकायला लागली म्हणून कुणी हसेल, या भीतीनं तिनं घरात सांगितलं नव्हतं. अफिफानं एकदा तिला तिथून बाहेर पडताना बघितलं होतं आणि आईची लाज राखायला तीही गप्प राहिली होती. क्लासच्या बाईंनी वर्गात दोनदा विंडोज टाकून दाखवली आणि सीडी घरी दिली. चंदर चहा पिऊन गेला. घर रिकामं होतं. ताहेरा क्लासहून लवकर परतली आणि कॉम्प्युटरसमोर बसली.

"मला त्यांचं तोंड बघायचं होतं, ताई," ती म्हणाली. "फोनवर आवाज येतो. पण आता मी डोळे मिटले की त्यांचा चेहरा येत नाही, फोटो येतो. फोटोतलाच चेहरा येतो."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मी आधी अब्बांची सगळी चित्रं फ्लॉपीत भरून घेतली होती. पडद्यावरची एकूण एक. नवीन विंडोज टाकल्यावर फ्लॉपीतून उघडायला गेले तर एकही उघडेना. मशीन म्हणतं, डिस्क घाला. कसली डिस्क? मी रात्रीच त्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, अब्बांना सांगून टाक. मला झालं नाही. नवऱ्याचं तोंड बघायला मिळावं म्हणून मी बापाचा जन्म पुसून टाकला, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

मागं काहीतरी हललं. मी वळले. स्वयंपाकघराच्या दाराला धरून कादरचाचा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

६

कुणी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "फ्लॉपी कुठं आहे? आण."

कुंदननं फ्लॉपी घातली. एकेक नाव वर आलं. सोमा. लंकाबाई. हबीब. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता.

"आपा," कुंदन कळवळून म्हणाला, "ही चित्रं नाहीत. हे शॉर्टकट आहेत. म्हणजे नुसता पत्ता. चित्र दुसरीकडेच असतं, हे फक्त तिथं नेऊन सोडतं. चाचांना सापडावं म्हणून कुणीतरी पडद्यावर पत्ते लावून ठेवले असणार."

"मीच लावले होते," अफिफा म्हणाली.

"पत्ता काय आहे?" मी विचारलं.

त्यानं बघितलं. "डी. पण डी म्हणजे तर सीडीचा कप्पा. म्हणूनच मशीन डिस्क मागतंय."

"आज डी म्हणजे सीडीचा कप्पा. परवापर्यंत?"

अफिफानं माझ्याकडे बघितलं. "ई. गाणी ई मध्ये लागायची."

"मग मी बाईमाणसाला समजेल असं सांगते. पूर्वी या घरात सी, डी आणि ई अशा तीन खोल्या होत्या. आता दोनच आहेत, आणि शेवटचा भाडेकरू सरकून मधल्या खोलीचं नाव लावून बसलाय. कुंदन, पुसलेली खोली रिकामी होईल. ती अख्खी नाहीशी होईल का?"

कुंदन माझ्याकडे बघतच राहिला. "नाही. पुसली तरी अक्षर राहतं. अक्षरच गेलं म्हणजे... ताई, म्हणजे यात दुसरी हार्डडिस्क होती! मला वाटलं एकच आहे."

"अजून एक. चंदर चहा पीत होता तेव्हा हे यंत्र घरघरत होतं. आज चाचा म्हणाले, आवाजही करत नाही. नवी विंडोज टाकल्यानं पंख्याचा आवाज बंद होतो का?"

"विंडोजचा आणि आवाजाचा काय संबंध? आत धूळ असेल तर आवाज येतो."

"ताहेरा, तू पेटी उघडली होतीस?"

"हो," ती पुटपुटली. "बाई म्हणाल्या होत्या, आत धूळ असेल तर काम चालू असताना मध्येच बंद पडेल. मी ब्रशनं सगळं झाडून काढलं. चकचकीत केलं."

कुंदननं पुढचं ऐकलंच नाही. तो गुडघ्यावर बसून पेटीचे स्क्रू काढत होता. झाकण निघालं. आत खरोखरच एक कण धूळ नव्हती. खालच्या बाजूला दुसरी हार्डडिस्क आपल्या जागी नीट बसलेली होती आणि तिची वायर शेजारी लोंबकळत होती. झाडताना ब्रशचा धक्का लागून ती निघाली असणार.

कुंदननं वायर दाबून बसवली. कॉम्प्युटर चालू केला. ताहेरानं ओढणीचं टोक दातांत धरलं होतं.

दुसरी हार्डडिस्क उघडली. पहिल्याच चित्रावर कुंदननं टिचकी मारली आणि पडदाभर करवतीचे दात उमटले. लाल, मग काळे, मग पुन्हा लाल.

चाचांनी पुढं होऊन पडद्याला हात लावला. "सोमा," ते म्हणाले. "सोमा, लेका."

७

सगळ्या किनारी बघून होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग चाचा लेकीकडे वळले.

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता, अब्बा."

चाचांनी जरा विचार केला. "हो. नाहीच म्हणालो असतो." मग कुंदनकडे बघून म्हणाले, "तुझ्यावर आळ घेतला, बेटा. माफ कर. आणि खरं सांग, तू पहिल्यांदा हे काम केलंस तेव्हा जमलं होतं?"

"छे, चाचा. मामाचा कॉम्प्युटर असा बिघडवला की तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही."

"आणि हिनं एकटीनं केलं." चाचांच्या आवाजात हळूहळू जान येत होती. "पेटी उघडली, झाडली, नवी घडी बसवली, आणि मालकाचं नाव बापाचं लिहिलं. जनाब म्हणून! या घरात मला आजवर जनाब कोण म्हणालंय?"

ताहेरा रडता रडता हसली. अफिफानं झाकलेलं ताट आणून चाचांच्या पुढ्यात ठेवलं. या वेळी ते जेवले.

शुक्रवारी रिझवानला सुट्टी असते. त्या दुपारी कुंदननं कॅमेरा लावून दिला, टेलिफोनची वायर जोडली आणि आम्ही सगळे कॉम्प्युटरभोवती जमलो. मालेगावहून चंदरही आला होता. चाचांनी नक्ष्या विकल्या नाहीत. त्यांनी आजाची करवत नातवाला विणायला दिली होती. त्या दिवशी मात्र किनारींचा विषय कुणी काढला नाही. ताहेरानं नवा कुर्ता घातला होता आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती.

पडदा बराच वेळ काळा राहिला. मग तुकड्या-तुकड्यांनी एक चेहरा जमत गेला. हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. अफिफा ओरडली, "अब्बू!" रिझवाननं हात केला. तो हात पडद्यावर पोचायला वेळ लागला.

चाचांनी जावयाची खुशाली विचारली, दुवा दिली आणि लगेच उठले.

"चला सगळे. जरा गच्चीवर वारा खाऊ."

"या उन्हात?" कुंदन म्हणाला.

"चल म्हटलं ना."

त्यांनी एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. आम्ही जिन्यावर उभे राहिलो. आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आम्हाला वाटलं, लाइन तुटली असावी. कुंदन दाराकडे वळायला लागला तसा चाचांनी त्याला हातानंच अडवलं.

मग आतून ताहेराचा आवाज आला, अगदी हळू.

"तुम्हाला चष्मा कधी लागला हो?"